राजपुत्राची बदली

१० सप्टेंबर २०२० ला युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं एका येऊ घातलेल्या गेमची झलक दाखवली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या गाजलेल्या गेमची ती नवी आवृत्ती होती आणि ती घडत होती कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत. एवढं मोठं नाव असलेल्या गेमची सूत्रं कंपनीनं भारतातल्या माणसांच्या हाती देण्याची ही पहिलीच वेळ. झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. चेहरे जुनाट वाटतात, उजेड सपाट पडलाय, दहा वर्षांपूर्वीचा गेम वाटतो, असं बरंच काही. जानेवारी २०२१ ची प्रकाशनाची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच उरली नाही. मे २०२२ मध्ये गेम पुण्या-मुंबईकडून काढून कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे दिला. २००३ चा तो गेम याच स्टुडिओनं केला होता. पुढे २०२६ साली येणार असं जाहीर झालं, आणि त्याच वर्षी जानेवारीत कंपनीनं गेम रद्दच करून टाकला.

राजपुत्राची आधी बदली झाली, मग त्याला सेवेतूनच कमी केलं. सरकारी खात्यात असं झालं असतं तर निदान मोर्चा तरी निघाला असता.

या बातमीचं अहिल्यानगर जिल्ह्याला काय, असं वाटेल. पण विळद घाट, लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांचा पहिला मुक्काम पुणेच असतो. नगर ते पुणे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि शनिवारी घरी येणारी मुलं माळीवाड्याच्या स्टँडवर उतरतात तेव्हा त्यांच्यातला एखादा बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करत नसतो, तो गेमच्या कंपनीत असतो. घरच्यांना हे कसं सांगायचं, हा त्याचा वेगळाच प्रश्न. सध्या त्याला स्वतःलाही धड माहीत नाही की पाच वर्षांनी हे काम असेल का. ज्यांच्याकडे बघून तो या धंद्यात आला ती जुनी माणसं एकेक करून बाहेर पडताहेत, कंपन्यांचे मालक बदलताहेत, आणि जो गेम आज हातात आहे तो उद्या कुणाच्या टेबलावर जाईल याचा नेम नाही.

ही माणसं गेल्यानं काय बिघडतं ते कळायला राजपुत्राची जन्मकथा मोलाची आहे. नव्वदच्या दशकात ज्यांच्या शाळेत संगणक आले त्यांना पांढऱ्या कपड्यातला, तळघरात पळणारा, टोकदार भाल्यांवर पडून मरणारा तो राजपुत्र ठाऊक असेलच. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं मिळत. हा गेम जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणानं १९८९ मध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी जवळजवळ एकट्यानं केला. राजपुत्राची चाल इतकी खरी वाटायची, कारण मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट हातानं गिरवून संगणकात उतरवली. पुढे गेम नाना संगणकांवर गेला, प्रकाशनाचे हक्क फिरत फिरत युबिसॉफ्टकडे आले, मूळ सोर्स कोड मात्र हरवला. कुणाकडेच नव्हता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोका सापडला, त्यात जुन्या फ्लॉपी होत्या. जाणकारांनी जपून त्या वाचल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला. जगभर खेळला गेलेला गेम, आणि त्याची मुळाक्षरं कपाटातल्या खोक्यात!

जुना माणूस सोडून जातो तेव्हा काय जातं, याचं उत्तर या खोक्यात आहे. कोड आता हरवत नाही, तो कंपनीच्या सर्व्हरवर सुरक्षित असतो. हरवतं ते ‘असं का केलं’ याचं उत्तर. राजपुत्राची उडी अमुक इतकीच लांब का, शत्रू दोन पावलं मागे का सरकतो, तिसऱ्या मजल्यावरचा दरवाजा एका क्षणानं उशिरा का बंद होतो, हे आकडे कोडमध्ये सापडतात, पण ते तसे ठरवताना आधीचे चाळीस प्रयत्न का टाकून दिले हे कुठं लिहिलेलं नसतं. ते डिझायनरच्या डोक्यात असतं. तो गेला की नवा माणूस आकडा बदलतो, गेमची मजा जाते आणि नेमकं काय बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. पुण्याच्या चमूला सतरा वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी, दुसऱ्या देशात घेतलेल्या निर्णयांची नवी आवृत्ती करायची होती. अवघड काम होतं. झलक कच्ची होती हे खरंच, पण कच्ची झलक बाजारात आणायचा निर्णय चित्रं काढणाऱ्या मुलांचा नसतो, हेही तितकंच खरं.

आपल्या गेमपासूनची ही ताटातूट मोठमोठ्या नावांनाही चुकलेली नाही. हिदेओ कोजिमा १९८६ पासून जपानच्या कोनामी कंपनीत होता. ‘मेटल गिअर’ ही मालिका त्यानं १९८७ मध्ये सुरू केली आणि तीच त्याची ओळख झाली. २०१५ च्या अखेरीस तो बाहेर पडला. नाव कंपनीच्या मालकीचं, त्यामुळे मालिका कंपनीकडे राहिली. कोनामीनं २०१८ मध्ये त्याच नावानं एक गेम काढला, तो चाहत्यांनी झिडकारला. कोजिमानं स्वतःचा स्टुडिओ उभा करून २०१९ मध्ये ‘डेथ स्ट्रँडिंग’ आणला. मग २०२५ मध्ये कोनामीनं कोजिमाच्याच २००४ च्या गेमची नवी आवृत्ती काढली, त्याच्याशिवाय. सोनीचा शुहेई योशिदा प्लेस्टेशनच्या अगदी पहिल्या चमूतला. एकतीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये तो बाहेर पडला. जगभरचे स्टुडिओ सांभाळणाऱ्या या माणसाला २०१९ मध्ये छोट्या, स्वतंत्र गेमांच्या विभागाकडे पाठवलं होतं, आणि ते स्वीकारा नाहीतर कंपनी सोडा एवढाच पर्याय होता, असं त्यानं नंतर मुलाखतीत मोकळेपणानं सांगितलं. बदली तिथंही होते.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईचं. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये इंडियागेम्स सुरू केली तेव्हा आपल्याकडे घराघरांत संगणकही नव्हते, इंटरनेट फोनच्या तारेवरून कुरकुरत यायचं. मग साधे मोबाइल आले आणि त्या इवल्याशा पडद्यावर क्रिकेट खेळायची हौस देशाला लागली. इंडियागेम्सनं ती पुरवली. २००७ मध्ये यूटीव्हीनं कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. २०१२ मध्ये यूटीव्हीच डिस्नेच्या पोटात गेली आणि तिच्याबरोबर इंडियागेम्सही. २०१३ मध्ये गोंडल बाहेर पडले आणि फिटनेसच्या धंद्यात उतरले. पुढच्या काही वर्षांत डिस्नेनं भारतातला गेम करण्याचा उद्योगच आवरला. त्यामागं मुंबईतलं काही बिनसलं असेल-नसेल, पण खुद्द अमेरिकेत डिस्नेनं २०१६ मध्ये आपला ‘इन्फिनिटी’ हा महागडा प्रकल्प बंद करून स्वतः गेम बनवण्यातून अंग काढून घेतलं होतं. कॅलिफोर्नियात एका तक्त्यावर रेघ ओढली गेली, आणि मुंबईत भारतीय गेमिंगच्या सुरुवातीचं नाव पुसलं गेलं. तिथली माणसं मात्र संपली नाहीत. ती देशभरच्या स्टुडिओंत विखुरली. गोंडलही परतले. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, आणि दोनच दिवसांत त्यांच्या एनकोअर गेम्सच्या ‘फौजी’ची घोषणा झाली, अक्षय कुमारच्या तोंडून. २६ जानेवारी २०२१ ला तो आला, लाखोंनी उतरवून घेतला, आणि उत्साह लवकरच ओसरला. देशप्रेमाच्या भरात गेम उतरवला जातो, पण रोज संध्याकाळी तो उघडावासा वाटणं ही वेगळी गोष्ट आहे.

माझं म्हणणं असं की, कोण गेलं याची बातमी मोठी होते, पण बघायला हवं ते निर्णय कुणाकडे गेला हे. नगर जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. प्रवरेचा साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तो उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील १९८० मध्ये गेले, आणि कारखाना आजही त्यांच्या नावानं उभा आहे. त्यात शेतकऱ्यांचे शेअर होते, ऊस भोवतालच्या रानातला होता, आणि तो ऊस कुणी उचलून माँट्रियलला नेऊ शकत नव्हतं. सहकारात सगळं आलबेल असतं असं मात्र नगरकराला कुणी सांगायला जाऊ नये. कारखाने आजारी पडले, भाड्यानं गेले, विकले गेले, घराण्यांच्या ताब्यात गेले. तरी निदान भांडण गावात असतं आणि वार्षिक सभेत उभं राहून ओरडता येतं. पुण्यातल्या मुलाला पॅरिसच्या सभेत ओरडता येत नाही.

पुण्या-मुंबईच्या गेम उद्योगातलं पुष्कळसं काम हे दुसऱ्याच्या गेमसाठी केलेलं काम आहे. त्याचे प्रकार समजून घेतले की भीती कुठं खरी आणि कुठं उगाच ते कळतं. पहिला प्रकार टेस्टिंगचा. बाहेरच्याला वाटतं, दिवसभर गेम खेळायचे आणि पगार घ्यायचा! प्रत्यक्षात एकाच भिंतीला शंभर कोनांतून धडकून बघायचं, कुठल्या कोनात माणूस भिंतीच्या आरपार जातो ते शोधायचं, ते नोंदवायचं, दुरुस्ती झाली की पुन्हा धडकायचं. दुसरा पोर्टिंगचा, म्हणजे एका यंत्रासाठी केलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालवायचा. तिसरा कलाकामाचा. मोठ्या गेमला हजारो वस्तू लागतात, खुर्च्या, कंदील, बंदुका, दगड, झाडं. त्या वस्तू बाहेरच्या स्टुडिओंना वाटून दिल्या जातात. युबिसॉफ्टनं पुण्याचा स्टुडिओ २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला तेव्हा तिथलं मुख्य काम याच वळणाचं, टेस्टिंग आणि पोर्टिंगचं होतं. अशा कामातून उत्तम कारागीर तयार होतात, यात शंका नाही. पण ‘हा गेम असा का’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही, आणि वर्षानुवर्षं न विचारल्यामुळे तो पडायचाच थांबतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं नेमकी याच कामांना हात घालताहेत. युबिसॉफ्टनंच २०२३ मध्ये ‘घोस्टरायटर’ नावाचं साधन दाखवलं. गेममधली रस्त्यावरची किरकोळ माणसं जी येता-जाता बोलतात त्या वाक्यांचे कच्चे मसुदे ते करून देतं. खुर्च्या-कंदिलांचे पहिले आराखडे, टेस्टिंगच्या फेऱ्या, भाषांतर, सगळीकडे असले प्रयोग सुरू आहेत. त्यात मोठ्या कंपन्या काटकसरीला लागल्या आहेत. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला घेतली आणि तीनच महिन्यांनी गेम विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं. २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स सौदी अरेबियाच्या सरकारी निधीसह काही गुंतवणूकदारांनी ५५ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. इतक्या उंचीवर मालक बदलतात तेव्हा खालच्या मजल्यावर कुणाचं टेबल हलेल हे वरच्यांनाही ठाऊक नसतं.

घरच्या आघाडीवर आणखी एक गोंधळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. तेव्हापासून ‘गेमवर बंदी आली ना?’ असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. रमी, पोकर, पैसे भरून संघ निवडायचे कल्पनेतले क्रिकेट सामने, हे सगळं त्यात आलं. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. मुंबईच्या ड्रीम११ला लगेच पैशांचे सामने थांबवावे लागले. कथा असलेले, कौशल्याचे, पैसे न लावता खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स यांना मात्र त्याच कायद्यानं उत्तेजन द्यायचं ठरवलंय. रमीच्या जाहिरातींनी खेड्यातली घरं पोखरली होती, तेव्हा बंदीचं मला वाईट वाटलेलं नाही. पण राजपुत्र आणि रमी एकाच टोपलीत टाकू नयेत. कायद्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला होता. त्यांनी तो साफ नाकारला. गदारोळानंतर त्यांचं खातं बदललं आणि त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. योगायोगालाही विनोदबुद्धी असते.

निर्णय स्वतःकडे ठेवणारी माणसं पुण्यात नाहीत असं नाही. नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला. अपहृत भावाला शोधायला निघालेली एक डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, दुर्गेचा आशीर्वाद, राजस्थानी किल्ल्यांसारखे महाल आणि भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न फसला. एका संस्थापकानं फ्लॅट विकून पैसा घातला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला, म्हणजे राजपुत्राची झलक येण्याच्या महिनाभर आधीच. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याचं नामांकन झालं. त्यातही उणिवा होत्या, तो छोटा होता, लढाया काही ठिकाणी अडखळत होत्या. पण त्या उणिवा त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि त्या दुरुस्त करून पुढचा भाग काढायचा की नाही हे पुण्यात ठरलं. पुढचा भाग, ‘राजी : कलियुग’, २०२५ मध्ये जाहीर झाला.

अर्थात पुण्यात जन्मलेला गेम पुण्याचाच राहील असंही नाही. ‘रिअल क्रिकेट’ करणारी नॉटिलस मोबाइल २०१३ मध्ये अनुज मानकर यांनी पुण्यात सुरू केली. २०२० मध्ये पुण्याचीच जेटसिंथेसिस मालक झाली, आणि २०२५ मध्ये पबजीवाल्या दक्षिण कोरियाच्या क्राफ्टननं सुमारे ११८ कोटी रुपयांत नियंत्रणाचा हिस्सा घेतला. यात रडण्यासारखं काही नाही. क्राफ्टनकडे पैसा आहे, बाजार आहे, आणि क्रिकेटचा गेम कसा हवा हे सोलपेक्षा पुण्याला जास्त कळतं, तेव्हा काम इथंच राहायचा संभव मोठा. तरीही गेम चालू ठेवायचा की नाही हे आता सोलमध्ये ठरणार.

सरकार जागं झालंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा केला. मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थाही सुरू झाली. उशीर झाला, एवढं नोंदवायला हवं. गेम बनवणाऱ्यांची नॅसकॉमची वार्षिक परिषद काही वर्षं पुण्यात भरायची. तेलंगणानं २०१६ मध्ये या क्षेत्रासाठी धोरण आणलं आणि परिषद हैदराबादला गेली. आपल्या धोरणात पार्क, भूखंड, सवलती असं बरंच काही आहे. पण ज्यानं गेमची मालकी स्वतःकडे ठेवली त्याला काय जास्त मिळणार, हा कळीचा मुद्दा आहे, आणि अनुदान वाटताना तो विसरला गेला तर आपण दुसऱ्यांच्या खुर्च्या-कंदिलांसाठी इमारती बांधू.

एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. प्रकाशित न झालेल्या गेमला श्रेयनामावली नसते. पुण्या-मुंबईत ज्यांनी राजपुत्राच्या महालाच्या कमानी घडवल्या, त्यांना ते काम नव्या ठिकाणी दाखवता येईल की नाही, हे गोपनीयतेच्या करारावर ठरतं. गेम प्रकाशित झाला तरी आधीच नोकरी सोडलेल्यांची नावं यादीतून गळण्याचे प्रकार जगभर होतात. तेव्हा विळद घाटातून किंवा संगमनेरातून मुलाखतीला जाणाऱ्यानं पगाराबरोबर आणखी काही विचारावं. गेमच्या नावाची मालकी कुणाची? प्रकाशनाआधी सोडलं तर यादीत नाव राहतं का? काम रद्द झालं तर त्यातलं काही दाखवायची लेखी परवानगी मिळते का? विचारल्यामुळे नोकरी नाकारली गेली तर ती नोकरी कशी होती ते कळलं.

आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशी एखादा छोटा गेम स्वतःच्या नावावर करावा, कंपनीचा करार त्याला आड येत नाही ना हे आधी तपासून. विषय शोधायला लांब जायला नको. १५९५ मध्ये मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी आहे. रणगाडे हवे असतील तर शहरातच आर्मर्ड कोअरचं रणगाडा संग्रहालय आहे, लोखंडाची जाडी आणि पट्ट्यांची ठेवण तिथं डोळ्यांनी बघून काढता येते. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर लागतात. स्टीम या संगणकावरच्या गेमांच्या ऑनलाइन दुकानात दर गेममागे शंभर डॉलर, आणि गेमनं हजार डॉलरची विक्री केली की ते परत मिळतात.